वळायची जागा

"...ते राहू दे. पण रोज माझ्या गेटला हात कशाला लावता तुम्ही?"

उदय कागवाडे अंगावर शाल ओढून आपल्याच गेटच्या आत उभा होता. बाहेर नरदेबाई कमरेवर हात ठेवून श्वास घेत होत्या. मागं रस्त्याच्या दिव्याखाली त्यांच्या ग्रुपातली माणसं पाय झटकत उभी होती. अजून उजाडायचं होतं.

"वळताना हात लावायचा असतो," बाई म्हणाल्या. "नाहीतर वळल्यासारखं वाटत नाही."

"पण इथं का वळता?"

"कुठंतरी वळायलाच लागतं की रे."

"मी येणार नाही, हे मी कळवलंय."

"होय. कळवलंयस."

"मग?"

गेटच्या गजावर त्यांनी पुन्हा तळवा टेकला. कडी खणकली. मग त्या आल्या वाटेनं पळत निघून गेल्या.

सत्तरीला आलेली बाई. बुटकी, वाळकी, डोक्याला मफलर. पळणं असं की बघणाऱ्याला वाटावं, आपण चालत गाठू. गाठता मात्र कुणाला येत नसे.

उदय बराच वेळ गेटशी उभा राहिला. मग आत जाऊन पुन्हा आडवा झाला. झोप आली नाही.

त्याचं असं झालं होतं. पुण्याच्या एका कारखान्यात तो मोठ्या हुद्द्यावर होता. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला, माणसं कमी केली, त्यात उदयही घरी बसला. पन्नाशी अजून गाठायची होती. बायकोची, मंजिरीची, नोकरी पुण्यात. मुलीचं कॉलेज पुण्यात. दिवसभर त्या दोघींच्या येण्याजाण्यात अडचण होऊन राहण्यापेक्षा तो सांगलीला आला, आईवडिलांच्या मागं बंद असलेल्या घरात. घर बघायला कुणीतरी पाहिजेच होतं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

घरात बघण्यासारखं फार काही नव्हतं. सकाळी दाढी करून झाली की दिवसाचं काम संपायचं.

अशात त्याला हरिपूरच्या रस्त्यावर पळणारी माणसं दिसली. बनियनवर 'कृष्णाकाठ रनिंग क्लब' असं छापलेलं. गावात मात्र त्याला बाईंचा ग्रुपच म्हणत. नरदेबाई मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त झाल्या, तरी पहाटे शिट्टी घेऊन घराबाहेर पडायची सवय सुटली नाही. मग शिट्टी गेली आणि माणसं जमत गेली.

उदय कॉलेजात असताना पळायचा. त्यानं बाईंना गाठलं.

"मला ग्रुप नको, बाई. मला कोच पाहिजे. अर्धी मॅरेथॉन दोन तासांच्या आत करायचीय."

"कोचिंग मला येत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडं माणसं आहेत. तेवढीच."

"मग मी माझा माझा पळतो."

"पळ की. रस्ता तोच आहे."

तो पळू लागला. सगळ्यांच्या बरोबर निघायचा आणि चिंचेची झाडं सुरू व्हायच्या आत सगळ्यांच्या पुढं गेलेला असायचा. रस्ता हरिपुरात संपतो. तिथं कृष्णा आणि वारणा एकत्र येतात, देऊळ आहे, घाट आहे. घाटाच्या वरच्या पायरीला हात लावून मागं फिरायचं, अशी ग्रुपची रीत. उदय हात लावून परत फिरला तरी बाकीचे अजून येत असायचे. पुढं सगळे तिथं गुळाचा चहा प्यायचे. चहाची हौस सगळ्यांत जास्त दत्ता कोष्टीला. याचं गावात भांड्यांचं दुकान. समोरून उदय येताना दिसला की तो हात वर करायचा.

"कागवाडे साहेब, चहा?"

"नंतर."

ते नंतर कधी आलं नाही.

सगळ्यात मागं असायची रुक्साना मुजावर. पोस्टात काउंटरवर बसायची. पस्तिशीची, अंगानं जड, सलवार-कमीजवर पळायची, आणि पळताना तोंडानं सतत काहीतरी मोजत असायची. ती घाटावर पोचायची तोवर चहाची भांडी विसळून झालेली असायची. तिच्यापुरता चहा किटलीत झाकून ठेवलेला असे.

पावसाळा संपल्यावर शेजारच्या जिल्ह्यात एक शर्यत होती, घाटरस्त्याची. ग्रुपातून पुष्कळजण गेले. उदय दोन तासांसाठी गेला. रुक्साना पोचण्यासाठी गेली. वर्षभर तिनं एवढ्याचसाठी पहाट काढली होती.

उदय जोरात सुटला. पहिला उतार त्यानं असा घेतला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या चढावर त्याच्या उजव्या पोटरीत गोळा आला. तो थांबला, पाय चोळला, पुन्हा पळाला. दुसऱ्या पोटरीतही आला. मग तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला आणि त्याला उठता येईना.

माणसं पुढून जात राहिली. तरुण गेले, म्हातारे गेले. एकजण पायात चपला घालून गेला.

बऱ्याच वेळानं रुक्साना आली. त्याला बघून थांबली. खाली बसली, त्याचा बूट काढला, पाऊल धरून बोटं वर दाबली. आपली मिठाच्या पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"सर, थोडं थोडं प्या. होतंय कमी. मी बसते."

रस्त्यावरून जाणारे बघत होते. शर्यतीच्या पोरांनी गाडीला फोन केला होता. उदयला ते बघणं सहन होईना.

"तुम्ही जा हो," तो म्हणाला. "बसू नका इथं. तुमच्यासारख्यांना काय, कधीही पोचलं तरी चालतं."

रुक्सानानं त्याच्याकडं बघितलं. मग त्याचं पाऊल हळूच जमिनीवर ठेवलं, उठली आणि चढाला लागली. बाटली तशीच त्याच्या हातात राहिली.

नंतर गाडीतून त्याला वर नेलं तेव्हा वाटेत ती दिसली. एकटीच होती. पळत नव्हती, चालत होती, आणि तोंडानं मोजत होती. शर्यत संपायच्या रेषेपाशी मांडव उतरवायचं काम सुरू झालेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोनवरच्या ग्रुपात लिहिलं, काही दिवस येऊ शकणार नाही. आणि ग्रुपातून बाहेर पडला.

पोटऱ्या आठवड्यात बऱ्या झाल्या. तो गेला नाही.

आता दाढीही रोज होईना. मंजिरीचा फोन आला की तो सांगायचा, पळतोय, मजेत आहे. फोन ठेवला की बराच वेळ तिथंच बसून राहायचा. दूधवाला सोडला तर आठवडाभर कुणाशी शब्द बोललेला नसायचा. एकदा दुकानात काय घ्यायला आलो तेच त्याला आठवेना, आणि तो काही न घेता परत आला.

मग एका पहाटे गेटची कडी वाजली. एकदा, दोनदा, पाच-सहादा. त्याला वाटलं, गाय अंग घासतेय. खिडकीतून बघितलं तर बाईंचा ग्रुप पाठ फिरवून निघून चालला होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कुणी हाक मारत नव्हतं. बेल दाबत नव्हतं. हरिपूरचा रस्ता सोडून ती माणसं त्याच्या गल्लीत वळत, गेटला हात लावत आणि परत जात.

म्हणून त्या पहाटे तो शाल ओढून बाहेर आला होता, आणि बाईंनी त्याला ते तसलं उत्तर दिलं होतं.

उदयला राग आला. दिवसभर तो रागातच होता. संध्याकाळी त्यानं एक जुनं फडकं घेतलं, कडीभोवती घट्ट गुंडाळलं, वर सुतळी बांधली. लावा आता हात.

दुसऱ्या पहाटे तो रोजच्या वेळेला जागा झाला.

आवाज आला नाही.

तो कुशीवर वळला. कान देऊन राहिला. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं. ...आले असतील. का नसतील? रोज कडी वाजली की त्याला राग यायचा, आणि राग आला की उठून चहा टाकता यायचा. आज ते काहीच होईना. आले आणि गेले असतील तर कळायला मार्ग नव्हता. आलेच नसतील तर...

तो उठला आणि खिडकीशी गेला.

ते आलेले होते. कोष्टीनं हात लावला, फडकं बघितलं. बाईंनी लावला. बाकीच्यांनी लावला. सगळे वळून निघून गेले. गल्ली मोकळी झाली.

उदय खिडकीतून हलणार, एवढ्यात कोपऱ्यावरून रुक्साना आली. एकटी. दमलेली. सगळे तिला सोडून पार मुख्य रस्त्याला लागलेले होते. ती निम्म्यातून वळली असती तरी बघायला कुणी नव्हतं. ती गेटपर्यंत आली. फडक्यावर तळवा ठेवला, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि वळली.

उदयनं त्या दिवशी फडकं सोडून टाकलं.

पुढच्या पहाटे तो आधीच गेटशी जाऊन उभा राहिला. बाई सगळ्यांच्या पुढं होत्या.

"बाई, रुक्सानानं सांगितलं असेल तुम्हाला सगळं."

"काय?"

"शर्यतीत मी जे बोललो ते."

"तिची पाण्याची बाटली तुझ्याकडं राहिलीय, एवढं म्हणाली." बाई थांबल्या. "आणखी काही आहे का?"

उदय गेटच्या कडीशी चाळा करत राहिला.

"...मला तुम्ही बोलवलं का नाही? बेल होती की इथं."

"बेल वाजवली असती तर तुला उत्तर द्यायला लागलं असतं."

"आणि मी बाहेर आलोच नसतो तर?"

"तर काय. आम्ही रोज इथं वळलो असतो."

कोष्टी मागून आला आणि गेटला हात लावत म्हणाला, "चहा तिकडं घाटावर राहिला, साहेब. तेवढं सोडलं तर आमची काही तक्रार नाही."

उदयनं खाली बघितलं.

"बाई, मी काय करू आता?"

बाईंनी मफलर सोडला, घाम पुसला.

"पाणी आहे घरात?"

तो आत गेला. घरात एकट्याच्या वापराचा एकच पेला बाहेर होता. तो आणि तांब्या घेऊन आला. बाई प्यायल्या, पेला कोष्टीला दिला, कोष्टीनं पुढच्याला. उदय तांब्या भरायला दोनदा आत-बाहेर झाला. सगळे गेले. तो पेला हातात धरून गेटशी उभा राहिला.

रुक्साना आली.

त्यानं तिची बाटली पुढं केली. भरलेली होती.

"धुतलीय का?" तिनं विचारलं.

"धुतलीय."

ती प्यायली. दम लागलेला होता, म्हणून थांबत थांबत प्यायली.

"त्या दिवशी मी..." उदय म्हणाला.

"थांबा सर. आधी मी बोलते." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "माझी अम्मी आणि भाऊ आले होते त्या दिवशी. मी पोचले तेव्हा मांडव काढलेला. रेषेवरची दोरी नेली होती. दोघं तिथंच उभे. भाऊ म्हणाला, दोरी नाही तर नाही. एका बाजूनं त्यानं अम्मीची ओढणी धरली, दुसऱ्या बाजूनं अम्मीनं. मी त्यातून गेले."

तिनं ओढणीनं कपाळ पुसलं.

"कधीही पोचलं तरी चालतं. तुमचं ते वाक्य खरं निघालं," रुक्साना म्हणाली. "पण ते तुम्ही म्हणायचं नव्हतं."

"नव्हतं म्हणायचं," उदय म्हणाला. "चुकलंच माझं."

तिनं बाटली हलवून बघितली.

"उद्या पाण्यात लिंबू पिळा," ती म्हणाली. गेटला हात लावला आणि गेली.

त्यानं लिंबू पिळलं. माळ्यावरून आईच्या वेळचे स्टीलचे पेले काढून घासले. मग पहाटे उठायला कारण झालं, आणि पहाटे उठायचं म्हणून रात्री वेळेवर जेवण होऊ लागलं. कुणाला साखर चालत नाही, कुणाला गार पाण्यानं खोकला होतो, हे त्याला कळत गेलं. मंजिरी सुट्टीला आली तेव्हा पहाटे गेटशी हा गलका बघून चकित झाली. दोन पेले तिनंही भरले.

एकदा त्यानं बाईंना विचारलं, "मी पळायला कधी येऊ?"

"तुला कोण नको म्हणालं?"

"पण मी आलो तर इथं पाणी कोण देणार?"

"मग नको येऊस."

तो विचारात पडला. बाई पाणी पिऊन, पेला त्याच्या हातात देऊन निघून गेल्या. ऊन वर येईतो तो पायरीवर बसून राहिला. बाईंनी आपल्याला थांबवलं की हाकललं, हेच त्याला ठरवता येईना.

आणखी काही दिवस गेले. एका पहाटे त्यानं पाण्याचं पिंप गेटबाहेर काढून ठेवलं, वर झाकण, झाकणावर पेले पालथे घातले. बूट चढवले. आणि अंधारातच चालत त्या चौकात गेला, जिथून ग्रुप निघायचा.

कुणीतरी सरकून त्याला जागा केली. बाईंनी बघितलं, मान हलवली आणि पळायला सुरुवात केली.

थंडी होती. चिंचेच्या झाडांखालून जाताना पाय आपोआप सुटले. महिनोन् महिने बसलेलं अंग, तरी त्याला बरं वाटत होतं. थोड्याच वेळात तो सगळ्यांच्या पुढं होता. मागून पावलांचा आवाज कमी कमी होत गेला.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी तो आला. डावीकडं त्याचं घर. सरळ गेलं की हरिपूर, घाट, संगम.

तो थांबला.

आधी त्याला वाटलं, सवयीनं सरळ जावं. आता गल्लीत वळायचं कारण उरलं नव्हतं. ज्याच्यासाठी वळायचे तो इथं रस्त्यावर उभा होता. मग त्याच्या लक्षात आलं की हे आपण एकट्यानं ठरवायचं नाही. तो माघारी वळून वाट बघत राहिला. एवढ्या दिवसांत ग्रुप समोरून येताना त्यानं असा कधी बघितला नव्हता. दोघे बोलत येत होते. एकजण गुडघा सांभाळत. मग बाई. मग बरंच अंतर सोडून एक मोजणारा आवाज.

"बाई," तो म्हणाला, "आज कुठं वळायचं?"

बाई थांबल्या. येणारा एकेक जण त्यांच्यापाशी थांबत गेला. कुणी वाकून गुडघ्यावर हात ठेवले, कुणी बुटाची नाडी बांधली. रुक्साना पोचली. तोंडातला आकडा तिनं पुरा केला.

उदय वाट बघत होता.

"बाई...?"

बाईंनी त्याच्या खांद्याला धरून त्याला माणसांकडं तोंड करून उभं केलं.

"आज कोण आलं नाही, ते आधी बघ."